दुसरी प्रत

भाईंदरात मी बायकी पार्ट चांगले करतो अशी आवई पहिल्यांदा कुणी उठवली ते आता आठवत नाही, पण तो माणूस माझा हितचिंतक नसावा. दिवसभर मी मिठाच्या गोदामात कारकुनी करायचो आणि जत्रेच्या दिवसांत राणी व्हायचो. टाकलेली राणी, शापित राणी, वनात हिंडणारी राणी. राणी कुठलीही असो, तिला रडायचं असे, आणि रडण्यात मला तोड नव्हती. गॅसबत्तीच्या उजेडात, तोंडाला पांढरा रंग फासून मी जो हुंदका काढायचो, त्याने शेजारच्या मुर्धा गावच्या बाया पदरात नाक शिंकरायच्या. मूर्च्छा येऊन पडण्यात तर माझा हातखंडा. पडताना लुगड्याची एक निरी हलत नसे. या कर्तबगारीचं फळ एकदा रोख मिळालं. घोडबंदरच्या एका घरी मी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मुलीच्या आईने मला नीट निरखलं आणि म्हणाली, "अगो बाय, ही तर आपली राणी." ती सोयरीक तिथेच संपली.

छत्तीस साल सरत आलं होतं. मुंबई इलाख्याच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि या वेळी आपल्याकडच्या बायकाही मत देणार म्हणून गावात आधी हसणं आणि मग वाद चालले होते. हक्क काही सरसकट नव्हता. कुणाला नवऱ्याच्या जमिनीवर मिळायचा, कुणाला लिहिता-वाचता येतं एवढ्यावर. पण त्यासाठी बाईने छापील अर्ज भरून द्यायचा, मग तिचं नाव यादीत चढायचं. अर्ज कोण भरतोय? आमच्या शाळेच्या मास्तरांनी घरोघर फिरून सांगून पाहिलं. बाया हो म्हणायच्या, मास्तरांना पाणी द्यायच्या आणि पुन्हा मासळी निवडायला बसायच्या. मास्तर हट्टी होते. त्यांनी नाटक लिहायला घेतलं.

नाटकातली बाई खरीखुरी होऊन गेलेली. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला मुंबईत बायकांच्या मतासाठी सह्या गोळा करत फिरलेली, साहेबाच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलेली. मास्तरांनी नाटकात तिला नाव दिलं नव्हतं. नाव दिलं की लोक तिचं घराणं शोधत बसतील, नुसतं 'बाई' म्हटलं तर प्रत्येकीला ती आपली वाटेल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मीही देत नाही.

बाईचा पार्ट अर्थात माझ्याकडे आला. साहेबाचा पार्ट आमच्या गोदामात गोण्यांचं वजन करणाऱ्या काटेवाल्याला मिळाला. हा तारोडीचा ख्रिस्ती गडी, आवाज खणखणीत, आणि लग्नात शिवलेला काळा कोट नि हॅट त्याच्या मालकीची. एवढ्यावर तो साहेब झाला. पार्ट वाटून झाल्या दिवसापासून तो मला गोदामातही "बाय" म्हणायला लागला. "बाय, गोणी मोजल्या का?" "बाय, विडी हाय का?"

मी घरच्या परसात तालीम सुरू केली. पहिल्याच दिवशी साहेब अर्ज फाडतो तो प्रसंग घेतला, विहिरीला टेकून गळा मोकळा केला. स्वयंपाकघराच्या दारातून आत्याने डोकं बाहेर काढलं.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाही. बाई रडतेय."

"कुठली बाई?"

मी सांगितलं. आत्या पीठभरल्या हातांनी बाहेर आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई अशी नव्हती."

ही माझी सख्खी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. लहानपणी मुंबईला मावशीकडे राहून ती सातवी झाली होती. आमच्या घरात तेव्हा तेवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं, मी धरून. मग तिचं लग्न झालं आणि दोन वर्षांत ती एक ट्रंक घेऊन परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि आमच्या वडिलांनी विचारलं नाही. वडिलांचा चांगुलपणा असा की त्यांनी तिला कधी काही विचारलंच नाही. घरात काय आणायचं, कुठली भिंत सारवायची, कुणाला बोलवायचं, काहीच नाही. ती दोन वेळा रांधायची आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचायची. तिच्या वाचनात जगाच्या बातम्या महिना-दीड महिना शिळ्या आणि मधोमध हिंगाचा डाग पडलेल्या असत.

तिने बाईला पाहिलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. शाळेतल्या थोरल्या मुलींना एका सभेला नेलं होतं आणि हिच्याकडे पाण्याचा तांब्या दिला होता. सबंध सभाभर ती बाईपासून हातभर अंतरावर उभी होती.

त्यानंतर महिनाभर आमच्या परसात माझी जी शोभा झाली ती कोणत्याही जत्रेत झाली नव्हती. मी मुरडत चाललो की आत्या म्हणायची, बाई अशी नव्हती, बाई पोस्टात पत्र टाकायला निघाल्यासारखी चालायची. मी पदर सावरला की म्हणायची, तिचा पदर कधी पडतच नव्हता, सावरणार काय? आवाज बारीक काढला तर म्हणे, तिचा आवाज तुझ्याहून घोगरा होता, आपलाच ठेव. माझी सगळी विद्या एकेक करून परसातल्या अळवात गेली.

पण खरा घोळ होता तो थांबण्याचा. आत्या सांगायची, बाई प्रश्न विचारायची आणि थांबायची. समोरून उत्तर येईपर्यंत चष्मा पुसत उभी राहायची. मागच्या बाकावरचं खोकणंसुद्धा बंद व्हायचं, अन् समोरच्याला पळायला जागा राहायची नाही. मला हे जमेना. स्टेजवर शांतता झाली की मला वाटायचं, आता लोक उठून जाणार. मी लगेच तिथे एक हुंदका तरी बसवायचो, नाहीतर कपाळावर हात.

"मनात दहा मोज," आत्या म्हणाली.

मी चारापर्यंत पोचायचो. पुढे मोजायची हिंमतच होईना.

अर्ज फाडल्यावर बाई मूर्च्छा येऊन पडते, असं मास्तरांनी लिहिलं होतं. खास माझ्यासाठी लिहिलं होतं. आत्याने ते ऐकून कपाळाला पीठ लावून घेतलं. बाईने त्या सभेत मुलींना एकच उपदेश केला होता म्हणाली, की कचेरीत कागद द्यायच्या आधी त्याची दुसरी प्रत करून घरी ठेवत जा. मी हे मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी मूर्च्छा खोडली आणि वाक्य घातलं. साहेब कागद फाडतो, बाई थांबते आणि कनवटीचा दुसरा कागद काढून म्हणते, "फाडा, साहेब. दुसरी प्रत आहे माझ्याजवळ." पडदा. मूर्च्छा गेल्याचं मला इतकं वाईट वाटलं की दोन दिवस मी आत्याशी धड बोललो नाही.

तालमींच्या त्या दिवसांत आत्याने स्वतःचा अर्ज भरला. लिहिता-वाचता येतं याला शाळेचा दाखला लागायचा. तिने मुंबईच्या शाळेला पत्र घातलं, मग दुसरं घातलं. तिसऱ्या आठवड्यात पोस्टमनने लिफाफा आणला. दाखला तिने अर्जाला कोपऱ्यात लाल दोऱ्याने टाके घालून शिवला, कारण टाचणीने कागदाला गंज लागतो.

आमचे वडील जेवताना म्हणाले, "एका मताने काय होणार?" रागाने नाही, सहज. आत्या वाढत होती. तिचा हात थांबला.

"दादा, ते नवऱ्याच्या नावावर नाही. तुमच्या घरावरही नाही. माझ्या सातवीवर आहे."

वडिलांनी मान डोलावली आणि आमटी मागितली. मी मात्र तिच्याकडे पाहिलं. एवढं लांबलचक ती आमच्या घरात स्वतःबद्दल पहिल्यांदाच बोलली होती. मला गंभीर वातावरण सोसत नाही, म्हणून मी तिला चिडवलं, "आत्या, दुसरी प्रत केलीस का?" ती हसली. म्हणाली, छापील कागदाची आणि शाळेच्या शिक्क्याची प्रत कुठून करू?

नाटक दुपारी ठेवलं होतं. बायांसाठी नाटक, तर ते बायांच्या सवडीने. मास्तरांनी भरती-ओहोटी पाहून वेळ काढली, म्हणजे मासळीचं काम आटपून राई आणि मुर्धा या गावांतल्या बायांना येता यावं. शाळेच्या पटांगणात मिठाच्या गोण्यांवर फळ्या टाकून स्टेज केलं, पडद्याला होडीचं जुनं शीड. ओट्यावर टेबल मांडून तालुक्याहून आलेला कारकून बसला होता. अर्ज घ्यायचा तो शेवटचा दिवस. नाटक संपलं की बायांनी सरळ त्याच्याकडे जायचं, अशी मास्तरांची योजना.

दुपारी नाटक याचा अर्थ मला सकाळी आरशात कळला. गॅसबत्तीत झाकली जाणारी माझी हनुवटी उन्हात निळी दिसत होती. दोनदा दाढी केली तेव्हा ती निळी आणि वर लालही दिसायला लागली. आत्याने आपलं जांभळं लुगडं मला नेसवलं, कासोटा घट्ट खोचला, आणि एका वाण्याचा जुना चष्मा माझ्या नाकावर बसवला. दोन खोटे कागद, एक फाडायचा आणि एक दुसरी प्रत, कनवटीला दिले. शाळेतले जुने परीक्षेचे पेपर होते ते, चौघडी घातलेले.

मग तिने आपला अर्ज घेतला आणि निघाली. आता इथे मी जे केलं ते सांगायला मला अजून जड जातं, म्हणून भरभर सांगतो. मला एक कल्पना सुचली. नाटक संपल्यावर त्याच वेषात मी स्टेजवरून उतरणार, बायांच्या मधून चालत ओट्यावर जाणार आणि पहिला अर्ज साक्षात बाईच्या हातून कारकुनाला मिळणार. टाळ्या मला आत्ताच ऐकू येत होत्या. मी आत्याला म्हटलं, तुझा अर्ज मीच देतो.

"मला माझ्या हाताने द्यायचाय."

"अगं, बाईच्या हातून जाईल."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे म्हणजे लुगड्याकडे, चष्म्याकडे. मग तिने तो कागद चौघडी घालून माझ्याकडे दिला. मी तो कनवटीला खोचला. लुगड्याला खिसे नसतात. आता त्या एका खाचेत तीन कागद होते, तिन्ही चौघडी.

नाटक बरं चाललं होतं. बाया गच्च बसल्या होत्या, आत्या पहिल्या ओळीत उजवीकडे. माझी हनुवटी बघून सुरुवातीला हसू पिकलं, मग ओसरलं. साहेब कोटात घामाघूम झाला होता पण गरजत होता. मी अर्ज पुढे केला. त्याने तो घेतला, न वाचता उभा फाडला, आडवा फाडला, पुन्हा उभा. तालमीत तो एकदाच फाडायचा. त्या दिवशी अंगात आलं होतं.

त्याच्या मुठीतून एक लाल दोरा लोंबत होता.

मी दोऱ्याकडे पाहिलं. मग पहिल्या ओळीकडे पाहिलं. आत्याने एक हात जमिनीला टेकवला होता, उठायला टेकतात तसा. ती उठली असती आणि एक शब्द बोलली असती, तर नाटक तिथेच मोडलं असतं. पण निदान तुकडे तरी जागेवर सापडले असते. मला ओरडायचं होतं. तोंड उघडेना. चष्मा धुकटला म्हणून मी तो काढला आणि पदराने पुसायला लागलो, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. पटांगणात कोणी खोकलं नाही. खाडीकडून वारा आला आणि शीड फडफडलं तेवढंच.

आत्याने हात उचलला. पदर नीट केला, मांडी घालून बसली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पुढे बोल.

"फाडा, साहेब," मी म्हणालो. घोगऱ्या आवाजात, कारण दुसरा निघेना. "दुसरी प्रत आहे माझ्याजवळ."

पडदा पडायच्या आधीच बाया उठल्या होत्या. मास्तर रडत होते. आयुष्यात मी एकदाच चांगलं काम केलं आणि ते काम नव्हतं, भीती होती.

ओट्यापाशी रांग लागली. मी आणि साहेब मात्र फळ्यांखाली गुडघे टेकून तुकडे वेचत होतो, एक लुगड्यात, एक कोटात. "मना काय ठाव, बाय?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तू दिलास, मी फाडला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. भाताची खळ करून आम्ही सगळं एका पाठकोऱ्या कागदावर डकवलं. दाखल्यावरचा शिक्क्याचा तुकडा तेवढा मिळाला नाही. वाऱ्याने मिठागराकडे नेला असणार. मी त्या उन्हात लुगडं वर खोचून मिठागराच्या बांधांवर धावलो, तेही लोकांना नाटकातलंच वाटलं.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने डकवलेला कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. आत्या म्हणाली, शिक्का राहू द्या, मी तुमच्यासमोर लिहून दाखवते, वाचून दाखवते. तो म्हणाला, बाई, तुम्हाला येतं हे दिसतंय मला, पण नियमात दाखला आहे. मग तिने वाद घातला नाही. त्याच्याशेजारी बसून सूर्य मावळेपर्यंत तिने दुसऱ्या बायांचे अर्ज भरून दिले. तिचं अक्षर कारकुनापेक्षा चांगलं होतं, हे त्यानेच कबूल केलं.

घरी जाताना मी चार पावलं मागे चालत होतो, अजून तिच्याच लुगड्यात.

"आत्या, तू ओरडली का नाहीस?"

चालता चालताच ती म्हणाली, "बाई बोलत होती ना रे. मध्ये कसं बोलायचं?"

मताच्या दिवशी ती बायांना घेऊन गेली. मतदानाच्या जागेबाहेर चिंचेखाली उभी राहून एकेकीचं मूल सांभाळत होती. आत गेलेली बाहेर आली की विचारायची, आत कसं असतं? एक सांगायची पडदा असतो, दुसरी सांगायची पेटी असते. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची. माझ्यावर ती कधी रागावली नाही. रागावली असती तर मी काहीतरी वात्रट बोलून सुटलो असतो.

पुढची निवडणूक यायला नऊ वर्षं गेली. मधे लढाई आली, आणि लढाई चालू असतानाच्या एका श्रावणात विषमज्वराने आत्या गेली. तिच्या ट्रंकेत वाण्याच्या पुड्यांचे सरळ केलेले कागद होते आणि तळाशी तो खळीने डकवलेला अर्ज, लाल दोऱ्यासकट. तो आता माझ्याकडे आहे. त्या दिवसापासून मी कोणत्याही कागदाची प्रत केल्याशिवाय राहत नाही. रेशनच्या अर्जाची, सासऱ्यांना लिहिलेल्या पत्राची, एकदा तर वाण्याला दिलेल्या यादीचीसुद्धा. बायको हसते. हसू दे.

शेचाळीसच्या निवडणुकीआधी मास्तरांनी नाटक पुन्हा काढलं, या वेळी मुर्ध्याला. मी तेव्हा चांगला गरगरीत झालो होतो. साहेबाच्या कोटाची बटणं लागेनाशी झाली होती. जांभळं लुगडं मी माझं मी नेसलो, निऱ्या जमेपर्यंत चारदा सोडून. कनवटीला दोनच कागद होते, ते मी तीनदा मोजले.

दुपारची वेळ, बाया गच्च. साहेबाने अर्ज फाडला. आता थांबायला मला काही कठीण नव्हतं. नऊ वर्षांत मी थांबायला शिकलो होतो. पण पहिल्या ओळीत उजवीकडे माझी नजर गेली. तिथे कुणाची तरी सून मांडीवर मूल घेऊन बसली होती, आणि माझ्यातला जुना खोडकर जागा झाला. मी कपाळाला हात लावला आणि मोठ्याने हुंदका काढला. टाकलेल्या राणीचा, जत्रेतला, अस्सल. नाटकात नसलेला.

साहेब चमकून माझ्याकडे बघायला लागला. बायांनी पदरात नाक शिंकरलं. पहिल्या ओळीतली ती सून डोळे पुसत होती.

मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो. मनात दहा मोजले. मग अकरा, बारा, तेरा. कोणीही म्हणालं नाही, बाई अशी नव्हती.

मग मी कनवटीत हात घातला आणि म्हणालो, "फाडा, साहेब. दुसरी प्रत आहे माझ्याजवळ."